तेच एक्स-मेन का? एका कॉमिकचा नवा डाव आणि चाहत्यांचे निवाडे

गेल्या दोन व्याख्यानांत आपण लॉकपासून डेरेक पार्फिटपर्यंत येऊन पोहोचलो. काल होता तोच माणूस आज आहे हे कशावरून म्हणायचं, शरीरावरून की स्मृतीवरून, हा प्रश्न आपण घोळवत होतो. आज त्याचीच एक वेगळी बाजू घ्यायची आहे, आणि ती आम्ही कॉमिक्समधून घेणार आहोत. पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर ‘सरांचं वय झालं’ असा भाव दिसतोय. (हशा) तो खरा आहे. पण आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही.

झालं असं. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जिची स्वतःची मुलं आता कॉलेजात आहेत, आम्हाला एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. २०१९ साली निघालेल्या एक्स-मेनच्या बारा अंकांचं ते एकत्रित पुस्तक. म्हणाली, “सर, एम.ए.ला तुम्ही व्यक्ति-तादात्म्यावर जे शिकवलंत ते सगळं यात आहे. वाचा, आणि मग मी का चिडले आहे ते मला सांगा.” आम्ही वाचलं. आवडलं. आणि तिला सांगून टाकलं, की लेखकाला बदल करायचा अधिकार असतो, चाहत्यांनी एवढं मनाला लावून घेऊ नये. ती काही बोलली नाही, चहा घेऊन गेली. नंतर आमच्या लक्षात आलं, की आम्ही तिला उत्तर दिलं नव्हतं, नुसतं गप्प केलं होतं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने असं करू नये. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्स-मेन हा अतिमानवांचा संघ. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो निर्माण केला. यातली माणसं म्यूटंट, म्हणजे जन्मतःच काहीतरी वेगळी शक्ती घेऊन आलेली. जग त्यांना घाबरतं, त्यांचा द्वेष करतं, आणि तरीही प्रोफेसर झेवियर या त्यांच्या गुरूचं स्वप्न असं, की माणसं आणि म्यूटंट एकत्र नांदतील. मासिक काही फार चाललं नाही. १९७० साली नव्या गोष्टी बंद पडल्या आणि पुढची काही वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. मग १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी एक विशेष अंक काढला. जुना संघ एका बेटावर अडकतो, त्याला सोडवायला नवा संघ उभा राहतो, त्यात वुल्व्हरिन, स्टॉर्म, नाइटक्रॉलर येतात. पाठोपाठ ख्रिस क्लेअरमाँट यांनी लेखणी हाती घेतली आणि ती १९९१ पर्यंत सोडली नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवू. आज चाहते ज्यांना ‘खरे एक्स-मेन’ म्हणतात, तो संघ स्वतःच एका रीलाँचचं अपत्य आहे. म्हणजे ‘नवा डाव नको, मूळचंच हवं’ असं म्हणणाऱ्याने आधी हे सांगायला हवं, की मूळ म्हणजे कुठलं? १९६३चं की १९७५चं? थीसियसच्या जहाजाची गोष्ट आपण मागे पाहिली. एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी जहाज तेच का? इथे तर पहिल्या बारा वर्षांतच अर्ध्याहून जास्त फळ्या बदलल्या होत्या.

आमच्या वयाच्या मंडळींना हा प्रश्न अगदीच परका वाटायचं कारण नाही. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि त्यातून वेताळ आपल्याकडे आला. ली फॉक यांचा हा नायक मूळचा १९३६चा. त्याची गंमत आठवते ना? जंगलातली माणसं समजतात, की हा एकच पुरुष शेकडो वर्षं जगतोय, त्याला मरण नाही. खरं म्हणजे बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो, आणि आपण वाचत होतो तो एकविसावा. म्हणजे माणसं वेगळी, पण लोकांच्या लेखी एकच. आता २०१९चे एक्स-मेन बघा. तिथे हाच प्रश्न उलटा होऊन येतो. नाव तेच, चेहरा तोच, आठवणी त्याच, आणि तरी मनात शंका राहते, की हा तोच का?

त्या वर्षी जुलैत जोनाथन हिकमन या लेखकाने दोन मालिका एकदम सुरू केल्या. एक ‘हाउस ऑफ एक्स’, चित्रं पेपे लाराझ यांची. दुसरी ‘पॉवर्स ऑफ एक्स’, चित्रं आर. बी. सिल्वा यांची. या दुसऱ्या नावातला ‘एक्स’ रोमन दहाचा आकडा म्हणून वाचायचा. सहा-सहा अंक, दर आठवड्याला एक, आणि ऑक्टोबरात खेळ संपला. या बारा अंकांत काय झालं? म्यूटंटांनी क्राकोआ नावाच्या बेटावर स्वतःचं राष्ट्र स्थापन केलं. क्राकोआ म्हणजे १९७५च्या त्या विशेष अंकातला राक्षस, जुन्या संघाला अडकवून ठेवणारं जिवंत बेट. तेच आता मायभूमी झालं. बेटावरच्या फुलांपासून केलेली औषधं जगाला देऊन त्या बदल्यात म्यूटंटांनी राष्ट्र म्हणून मान्यता मिळवली. जुने वैरी माफ झाले. मॅग्नेटो आणि अपोकॅलिप्स राज्यकारभाराच्या मंडळात बसले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे म्यूटंटांनी मरण जिंकलं.

ते कसं, ते नीट समजून घेऊ, कारण आपला प्रश्न तिथेच आहे. ‘हाउस ऑफ एक्स’च्या चौथ्या अंकात सायक्लॉप्स, जीन ग्रे, वुल्व्हरिन, नाइटक्रॉलर आणि त्यांचे सोबती एका अवकाशस्थानकावरच्या मोहिमेत एकेक करून मारले जातात. पाचव्या अंकात ते परत येतात. पाच म्यूटंट आपल्या शक्ती एकत्र करून अंड्यातून नवं शरीर वाढवतात, आणि झेवियर सेरेब्रो या यंत्रात साठवून ठेवलेलं त्यांचं मन त्या शरीरात उतरवतो. मग स्टॉर्म जमलेल्या लोकांसमोर एकेकाला उभं करते आणि लोक त्यांना आपलं म्हणून स्वीकारतात.

आता चाहत्यांकडे येऊ. त्यांचं बोलणं आम्ही बरंच ऐकलं, वाचलं. कौतुक करणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं कौतुक अगदी खरं होतं. वर्षानुवर्षं मरगळलेल्या मालिकेत पहिल्यांदाच काहीतरी घडतंय असं त्यांना वाटलं. मध्ये मध्ये तक्ते आणि आराखडे असलेली पानं होती, क्राकोआची स्वतःची लिपी होती, आणि वाचकांनी ती लिपी उकलायला घेतली. वाचणं हा पुन्हा एकदा सामूहिक उद्योग झाला. पण तक्रारीही तितक्याच जोरात होत्या. त्यांचे साधारण तीन सूर ऐकू येतात. पहिला, ‘हे ते नव्हेतच, या नकला आहेत.’ दुसरा, ‘झेवियरचं स्वप्न सोडून दिलं, हा संघ राहिला नाही, हा पंथ झाला.’ आणि तिसरा मॉयरा मॅकटॅगर्टबद्दलचा. त्याकडे सावकाश येऊ.

तत्पूर्वी एक भेद सांगायला हवा. कांटने १७९० साली लिहिलेल्या तिसऱ्या ‘क्रिटीक’मध्ये तो केलेला आहे. ‘मला हे आवडलं नाही’ असं म्हणणं वेगळं आणि ‘हे सुंदर नाही’ असं म्हणणं वेगळं. पहिल्यावर वाद संभवत नाही. तुम्हाला कारलं आवडत नाही, बरं, नका खाऊ. दुसरं विधान मात्र इतरांकडून संमती मागतं, म्हणून त्यावर वाद होऊ शकतो, व्हायलाच हवा. चाहत्यांची गंमत अशी, की ‘मला आवडलं नाही’वर ते थांबत नाहीत. ते म्हणतात, ‘हे एक्स-मेन नव्हेत.’ हा निवाडा झाला. लोक त्याला भाबडेपणा म्हणतात. आमच्या मते हीच त्यांची प्रतिष्ठा आहे. पण निवाडा दिला की कारण द्यावं लागतं, आणि ते तपासूनही घ्यावं लागतं. तर तपासू.

पहिला सूर घ्या, नकलांचा. यात तथ्य आहे, पण तो लेखकाच्या विरोधात जात नाही, कारण तीच शंका लेखकाने गोष्टीत मांडून ठेवली आहे. पार्फिटने १९८४च्या आपल्या ग्रंथात दूरप्रेषणाचं उदाहरण दिलं होतं. यंत्र इथलं शरीर नष्ट करतं आणि मंगळावर हुबेहूब दुसरं तयार करतं. तो मीच का? आणि इथलं शरीर नष्ट झालंच नाही तर? मग मी कुठला? क्राकोआवर यासाठी नियमच केलेला आहे, की मृत्यूची खात्री पटल्याशिवाय कोणाला परत आणायचं नाही, एकाच माणसाच्या दोन प्रती होऊ द्यायच्या नाहीत. हा नियम लिहिणाऱ्याला आपण काय खेळतोय ते ठाऊक आहे. पुढे लॉरा किनी या पात्राच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. ती मेली असं समजून नवी लॉरा घडवली गेली, आणि जुनी लॉरा जिवंत परत आली. आता दोघींपैकी ‘नक्कल’ कोण? नव्या लॉराला विचारा, ती म्हणेल मी नाही.

आणि तो जमावाचा प्रसंग. आपल्या न्यायशास्त्रातलं, वेदान्तातलं ठरलेलं उदाहरण आठवा, ‘सोऽयं देवदत्तः’, हा तोच देवदत्त. तेव्हा पाहिलेला आणि आता दिसणारा, दोघांचा काळ वेगळा, जागा वेगळी, आणि तरीही आपण म्हणतो, तोच. याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. स्टॉर्मसमोरचा जमाव हेच करतो आहे. त्याच्याकडे पुरावा नाही, तो ओळख देतो आहे. काही चाहत्यांना तो प्रसंग अंगावर आला, एखाद्या पंथाच्या मेळाव्यासारखा वाटला. आम्हाला मात्र पान उलटताना वाटलं, की त्या जमावात आपणच उभे आहोत. साठ वर्षांत इतके लेखक आले, इतके चित्रकार आले, दर वेळी चेहरा थोडा बदलला, आणि दर वेळी वाचकांनी म्हटलं, हा तोच सायक्लॉप्स. वाचकांची स्मृती हाच या मालिकेचा खरा सेरेब्रो आहे. ती पुसली गेली, तर कंपनीच्या मालकीचं नुसतं एक नाव उरेल.

दुसरा सूर, स्वप्न सोडल्याचा. हे खरंच आहे. १९६३पासूनचं सहजीवनाचं स्वप्न इथे बाजूला ठेवलं जातं. पण बदलाला कारण आहे का, हे पाहायला नको? २००१ साली ग्रँट मॉरिसन यांच्या लेखणीखाली जेनोशा हे म्यूटंटांचं बेट एका तडाख्यात बेचिराख झालं, एक कोटी साठ लाख मेले. २००५च्या ‘हाउस ऑफ एम’नंतर जगात जेमतेम दोनशे म्यूटंट उरले. एवढं सोसलेल्या लोकांनी ‘आता आमचं आम्ही बघू’ म्हटलं, तर ते चूक की बरोबर यावर भांडता येईल. पण ते अचानक आलं असं म्हणता येणार नाही. त्या निर्णयाची किंमतही गोष्ट दाखवते. २०२० साली आलेल्या ‘एक्स-मेन’च्या सातव्या अंकात एक विधी आहे. ज्यांची शक्ती हिरावली गेली त्यांनी अपोकॅलिप्सशी लढून मरायचं, म्हणजे नव्या शरीरात शक्तीसह परत येता येतं. नाइटक्रॉलर हा श्रद्धाळू कॅथलिक. तो हे बघतो आणि अस्वस्थ होतो. पुनरुत्थान रोजचं झालं, तर त्याच्या धर्मातल्या पुनरुत्थानाचं काय? ज्या लेखकाला पंथ उभारून मिरवायचा असतो, तो असा साक्षीदार गोष्टीत ठेवत नाही.

तरीही इथे आमची स्वतःची एक तक्रार आहे. आमच्या वयाला मित्रांच्या नावांपुढे ‘कै.’ लावायची सवय होऊ लागते. फोनमधले काही नंबर आता कधीच वाजणार नाहीत, आणि ते पुसायलाही हात होत नाही. अशा वेळी मरण इतकं सोयीचं झालेली गोष्ट वाचताना थोडं परकं वाटतं. जेनोशाचे एक कोटी साठ लाख रांगेत आहेत, एक दिवस सगळे परत येतील. मग रडायचं कोणासाठी? पण या बेटावर एक बाई आहे जिला दुःख करायची मुभा नाही आणि तरीही ती ते करते. ती म्हणजे मिस्टीक. तिची जिवाभावाची जोडीदार डेस्टिनी हिला परत आणायचं सत्ताधारी टाळत राहतात, कारण डेस्टिनीला भविष्य दिसतं आणि त्यांना काहीतरी लपवायचं आहे. ज्या राज्याने मरण जिंकलं, त्या राज्यात कोण जिवंत होणार हे ठरवणं ही सर्वांत मोठी सत्ता होते. हिकमनवर नेहमीचा आरोप असतो, की त्याची पात्रं म्हणजे पटावरची प्यादी. त्याच्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’पासून हे ऐकू येतं, आणि आरोप पुष्कळसा खराही आहे, बारा अंकांत कोणी कोणाशी साधं, बिनकामाचं बोलताना फारसं दिसत नाही. पण मिस्टीकच्या बाबतीत एका प्याद्याने मान वर करून खेळाडूकडे बघितलं. ते त्याचं सर्वांत चांगलं लेखन.

आता तिसरा सूर, म्हणजेच आमच्या विद्यार्थिनीचा राग.

मॉयरा मॅकटॅगर्ट हे पात्र क्लेअरमाँट यांनी १९७५ साली आणलं. स्कॉटिश शास्त्रज्ञ, झेवियरची जुनी मैत्रीण. तिच्याजवळ कसलीही शक्ती नव्हती, ती माणूस होती. १९९०च्या दशकातल्या गोष्टींत लेगसी नावाचा विषाणू आला, फक्त म्यूटंटांना मारणारा. तो एड्सच्या काळाचा पडसाद होता हे त्या वेळच्या वाचकांना सांगावं लागलं नाही. आणि त्या विषाणूची लागण झालेली पहिली माणूस मॉयरा. म्हणजे जो आजार ‘त्यांचा’ म्हणून जग हात झटकत होतं, तो आपल्यातल्याच एकीला झाला. आजार कुंपण मानत नाही, हे तिच्या शरीराने सिद्ध केलं. त्याच्या औषधावर काम करता करता २००१ साली ती गेली.

‘हाउस ऑफ एक्स’च्या दुसऱ्या अंकात कळतं, की मॉयरा पहिल्यापासूनच म्यूटंट होती. ती मेली की पुन्हा जन्मते, आधीचं सगळं आठवत. तिचे अनेक जन्म झाले, आणि दर जन्मी म्यूटंट हरले. आजवर आपण वाचलं तो तिचा दहावा जन्म. २००१चा तिचा मृत्यूही बनाव होता. रचना म्हणून हा अंक अफाट आहे, ते आम्ही मनापासून म्हणतो. तो वाचताना आम्ही खुर्चीत सरसावून बसलो होतो. पण आमची विद्यार्थिनी म्हणत होती ते आम्ही ऐकलंच नव्हतं. ती म्हणत होती, “सर, ती माणूस होती म्हणून तर मला ती हवी होती. स्वतःवर काही बेतलेलं नसताना ती दुसऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. आता कळतं, की ती आपल्याच बाजूने उभी होती.”

बघा, हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, की घडून गेलेल्या गोष्टीवर कोणी खल करत बसत नाही, कारण घडलेलं न घडलेलं करता येत नाही. ते देवालाही जमत नाही. कॉमिकच्या लेखकाला मात्र जमतं! या मागाहूनच्या फेरफाराला चाहते ‘रेटकॉन’ म्हणतात. आता प्रश्न असा, की प्रत्येक रेटकॉन वाईट का? नाही. १९८१ साली क्लेअरमाँट यांनी मॅग्नेटोला नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस केलं. हाही मागाहूनचाच फेरफार. त्याआधीची अठरा वर्षं तो नुसता खलनायक होता. पण या बदलाने जुनी पानं खोटी पडली नाहीत. पूर्वी त्याची भीती वाटली होती ती खरीच राहिली. तिच्या मागे काय होतं ते कळलं. आणि आता दुसरं उदाहरण घ्या. १९८० साली जीन ग्रे हिने स्वतःचा जीव दिला. वाचक हळहळले. १९८६ साली सांगण्यात आलं, की मेली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली फीनिक्स नावाची शक्ती होती. खरी जीन समुद्रतळाशी एका कोशात सुरक्षित होती. यातला विनोद असा, की ही युक्ती मुळात कर्ट ब्यूसिक या तेव्हाच्या एका चाहत्याची. म्हणजे चाहत्याचं मत नेहमी मूळ कृतीचं रक्षण करतंच असं नाही.

या दोन फेरफारांत फरक काय? आमच्या मते कसोटी सोपी आहे. नवी गोष्ट वाचून झाली की जुनं पान पुन्हा उघडायचं. ते पूर्वीपेक्षा जास्त बोलतं, की गप्प होतं? मॅग्नेटोचं जुनं पान जास्त बोलू लागलं. जीनचं पान गप्प झालं. त्यागच तिचा राहिला नाही. मॉयराचं पानही गप्प झालं. म्यूटंटाला म्यूटंटांचा आजार झाला, यात सांगण्यासारखं काय उरलं? मरणावर मात करून आलेला सायक्लॉप्स हा पुढच्या दिशेने केलेला बदल. त्याने आपल्या आठवणीतला सायक्लॉप्स हिरावला नाही. मॉयराने मात्र आपण केलेला आदर मागे जाऊन निराधार करून टाकला. चाहते नकलांवर भांडले, बेटावर भांडले, जमावाच्या घोषणांवर भांडले. आमच्या मते खरी जखम इथे होती, आणि ज्यांनी ती दाखवली त्यांचा निवाडा बरोबर होता.

आता लेखकाबद्दल. हा मोठा घाव घालायचा हिकमनला अधिकार होता का? होता, असंच आम्ही अजूनही म्हणतो. पण असा अधिकार म्हणजे कर्ज असतं. जुन्या मॉयराची किंमत घेतलीत, तर त्या तोलाचं काहीतरी पुढे द्यावं लागतं. २०२१ साली तो मालिकेतून बाहेर पडणार हे जाहीर झालं. त्याच्या सांगण्यानुसार आखणी तीन अंकी होती, पण सोबतच्या लेखकांना पहिल्या अंकातच आणखी राहायचं होतं, आणि त्याने ते मानलं. जाताना ‘इन्फर्नो’ची चार प्रकरणं लिहून त्याने मॉयरा आणि मिस्टीक यांचा हिशेब मांडला. पुढे इतरांच्या हातून मॉयरा यंत्रमानवी खलनायिका झाली. म्हणजे आधी मैत्रीण गेली, मग तिच्या जागी आलेली गूढ सूत्रधार गेली, आणि हाती आला एक ठरीव शत्रू. ते कर्ज बुडालं. यात कोणा एकाला दोषी धरणं बरोबर नाही. सहकाऱ्यांच्या इच्छेला मान देणं हा काही दुर्गुण नव्हे. पण वाचकाच्या बाजूने नुकसान झालं हे म्हणायला हवं.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘सर, मग कंपनीने चाहत्यांनाच विचारून गोष्ट का लिहू नये?’ चांगला प्रश्न. थोडं विचारलंही होतं बरं का. २०२१ साली संघातली एक जागा वाचकांच्या मतदानाने भरली. पोलॅरिस निवडून आली. पण मतदानाने संघातला एक सदस्य ठरतो, गोष्ट ठरत नाही. मॅग्नेटोचा भूतकाळ मतदानाला टाकला असता, तर मिळाला असता असं वाटत नाही. जे वाचकाने मागितलेलं नसतं आणि मिळाल्यावर ‘हेच हवं होतं’ असं वाटतं, ते देणं हे लेखकाचं काम. आणि जे दिलं गेलं त्याने आधीचं किती जपलं, किती मोडलं, हे लक्षात ठेवून सांगणं हे वाचकाचं. दोघांची कामं वेगळी आहेत. लेखकाने वाचकाचं काम केलं तर गोष्ट नुसती उजळणी होते. वाचकाने लेखकाचं काम मागितलं तर तो फक्त हट्ट होतो.

२०२४च्या जूनमध्ये क्राकोआचं पर्व संपलं आणि पुढच्याच महिन्यात नवा डाव सुरू झाला, पुन्हा पहिला अंक, नवे लेखक. त्यात संघ बेटावर नाही, माणसांच्या जगात परत आला आहे. चाहत्यांतला एक गट म्हणाला, हुश्श, घरी आलो. आणि दुसरा गट, ज्यांना पाच वर्षांपूर्वी क्राकोआ परकं वाटायचं त्यांतलेही काही त्यात असतील, म्हणाला, आमचं बेट कुठे गेलं? यावर हसू नये. माणूस ज्यात राहतो ते त्याचं घर होतं, मग ते कागदाचं का असेना.

आमच्या विद्यार्थिनीला या आठवड्यात आम्ही फोन केला. सांगितलं, की आम्ही तुला लेखकाच्या अधिकाराचं पुराण ऐकवलं, ते अपुरं होतं. तुझा राग हा राग नव्हता, ते परीक्षण होतं. आम्हीच ते ओळखलं नाही. ती हसली. म्हणाली, “मग सर, पुस्तक परत द्या, मला पुन्हा वाचायचंय.” आम्ही म्हटलं, जरूर, पण आधी २००१चा तो अंक काढ. मॉयरा जाते तो. तो वाच, आणि ती माणूस होती असं समजूनच वाच. त्या पानावर तसंच लिहिलं आहे, आणि ते पान कोणी बदलून छापलेलं नाही.

पुढच्या वेळी आपण मिलिंदपञ्हातल्या रथापाशी येऊ. नागसेन राजाला विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? येताना आजचं बेट आणि आजचा जमाव लक्षात ठेवून या. बाहेर चहा तयार आहे.